वाट दाखवा आणि बाजूला व्हा

आमच्या घरी फोन आला १९९१ साली. त्याआधी कितीतरी वर्षं आमच्याकडे फोन नंबर होता, फोन मात्र नव्हता. ज्यांनी तो काळ पाहिलाय त्यांना हे कोडं वाटणार नाही. लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पावतीवर, नातेवाइकांच्या डायऱ्यांमध्ये तो नंबर असे आणि त्याच्यापुढे 'पी. पी.' ही दोन अक्षरं. म्हणजे फोन शेजारच्या काकूंचा, बोलणं आमचं.

आमच्यासाठी फोन आला की काकू दोनपैकी एक गोष्ट करत. आम्ही घरी असलो तर रिसीव्हर स्टुलावर आडवा ठेवून गॅलरीतून हाक मारत, "अहो, फोन!" आणि आम्ही घरी नसलो, मामाकडे मुंबईला गेलेलो असलो, तर समोरच्याला सांगत, "ते दोन दिवस दादरला आहेत, हा नंबर लिहून घ्या." पहिल्या प्रकारात आमचं सगळं बोलणं त्यांच्या दिवाणखान्यात होई. ताईला पाहून गेलेल्या मंडळींचा नकार फोनवर आला, तेव्हा तो आईच्या आधी काकूंना कळला. बाबा नुसतं "बरं, बरं" म्हणत होते, पण त्या "बरं"वरूनच कळण्यासारखं होतं. दुसऱ्या प्रकारात काकूंना एवढंच कळे की कुणीतरी आम्हाला शोधत होतं. पुढे त्याने दादरला फोन लावला की नाही, काय बोलला, किती वेळ बोलला, हे त्यांना ठाऊक नसे.

या दोन प्रकारांतला फरक हाच या लेखाचा विषय आहे. आज इंटरनेटवरून होणारा जवळजवळ प्रत्येक कॉल कुणीतरी मधे राहून जोडून देतं. माझं म्हणणं असं की त्या मधल्याने दुसऱ्या प्रकारे वागावं अशी सोय मुळात केलेली होती, ती धंद्याने मोडून खाल्ली, आणि आपण हूं की चूं केलं नाही. मोडणाऱ्यांत मीही होतो, ते पुढे येईलच.

आधी यंत्रणा. पुण्यात चौदा वर्षं मी इंटरनेट टेलिफोनीच्या धंद्यात काढली. या धंद्याची बोलीभाषा म्हणजे सेशन इनिशिएशन प्रोटोकॉल, सगळे त्याला 'सिप' म्हणतात. त्याची पहिली अधिकृत आवृत्ती मार्च १९९९ मध्ये आली. आज वापरात आहे ती जून २००२ ची, आर.एफ.सी. ३२६१. हेनिंग शुल्झरिन, जोनाथन रोझेनबर्ग वगैरे आठ जणांची नावं त्यावर आहेत. दस्तऐवज अडीचशेहून अधिक पानांचा, पण त्यातली मूळ कल्पना आपल्या पी. पी. नंबराइतकी साधी आहे.

तुमचा फोन चालू झाला की तो रजिस्ट्रार नावाच्या सर्व्हरला कळवतो, "मी अमुक माणसाचा फोन, सध्या या पत्त्यावर सापडेन." माणसाचं नाव कायमचं, पत्ता बदलता. आता मला तुम्हाला फोन करायचाय. माझा फोन 'इन्व्हाइट' म्हणजे निमंत्रणाचा निरोप पाठवतो. त्याला तुमचं नाव माहीत आहे, पत्ता नाही. तेव्हा निरोप जातो एका मधल्याकडे. हा मधला दोन जातींचा असू शकतो.

पहिला प्रॉक्सी सर्व्हर. तो निरोप स्वतः पुढे नेतो. तुमच्या नावापुढे टेबलावरचा फोन आणि खिशातला मोबाइल असे दोन पत्ते असतील तर दोन्हीकडे एकदम घंटी वाजवू शकतो, किंवा आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे. वाटेत लागणारा प्रत्येक प्रॉक्सी निरोपावर 'व्हाया' अशी आपल्या नावाची ओळ चढवतो, म्हणजे उत्तर त्याच वाटेने परत येतं. निरोप गोल गोल फिरत राहू नये म्हणून त्यावर उड्यांची मर्यादा लिहिलेली असते, बहुधा सत्तर. प्रत्येक मुक्कामाला ती एकाने घटते.

दुसरा रिडायरेक्ट सर्व्हर. तो निरोप पुढे नेत नाही. माझ्याच फोनला उलट उत्तर देतो. ३०२ म्हणजे 'तात्पुरते हलले आहेत', ३०१ म्हणजे 'कायमचे हलले आहेत', आणि सोबत नवा पत्ता. मग माझा फोन स्वतः त्या पत्त्यावर निरोप पाठवतो. रिडायरेक्टचं काम संपलं.

मूळ दस्तऐवजात या दोघांना शेजारी शेजारी बसवलेलं आहे. इतकंच नव्हे, रिडायरेक्टचा फायदाही स्पष्ट सांगितलाय: वाट सांगून सर्व्हर स्वतः बाहेर पडतो, म्हणून त्याच्यावर भार कमी येतो आणि तो जास्त लोकांना पुरतो.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. मूळ आराखड्यात प्रॉक्सीसुद्धा काकूंसारखा नव्हता. तो फक्त भेट घालून देई. समोरून '२०० ओके' आलं की आवाजाची पाकिटं त्याला वळसा घालून थेट माझ्या फोनवरून तुमच्या फोनकडे जात. फोन ठेवल्याचा 'बाय' हा निरोपही थेट. प्रॉक्सीला पुढचं सगळं पाहायचंच असेल तर त्याला निमंत्रणात 'रेकॉर्ड-रूट' अशी एक ओळ मुद्दाम घालावी लागे. तिचा अर्थ, "यापुढचं सगळं माझ्यामार्फत." ती न घालणारा प्रॉक्सी कॉल जोडला गेल्यावर वाटेतून निघून जातो. तेव्हा निघून जाणं ही मूळ रीत, आणि बसून राहायचं असेल तर तसं लिहून सांगायचं.

ती ओळ मी किती वेळा लिहिली असेल याची गणतीच नाही. बर्लिनमधल्या एका संशोधन संस्थेत जन्मलेला एक मुक्त सिप सर्व्हर आहे, आज त्याला 'कमाइलिओ' म्हणतात. त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये हे काम करणारी आज्ञा एका ओळीची आहे. मला ज्याने काम शिकवलं त्याच्या फाइलमध्ये ती होती, म्हणून माझ्या फाइलमध्ये आली, माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरांच्या फाइलमध्ये गेली. "ही का लागते?" असं एकदा एका नव्या मुलीने विचारलं. मी म्हणालो, "असू दे, लागते कधीकधी."

कधी लागते ते मला एका मार्चअखेरीला कळलं. आमच्या एका ग्राहक कंपनीतून मेल आली. गेल्या तीन महिन्यांत अमुक एका नंबरावर कुणाकुणाच्या टेबलावरून दहा मिनिटांहून जास्त बोलणं झालं, त्याची यादी हवी. तो नंबर त्यांच्या प्रतिस्पर्ध्याच्या नोकरभरती विभागाचा होता, हे मला नंतर समजलं. यादी काढायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत. चार नावं निघाली. त्यांपैकी एकाला मी ओळखत होतो, यंत्रणा बसवताना त्याने मला दोन दिवस स्वतःच्या डब्यातलं जेवायला घातलं होतं. पुढच्या भेटीत त्याच्या टेबलावर दुसरंच कुणीतरी होतं. "सोडून गेला," एवढंच उत्तर मिळालं.

यादीतला कळीचा शब्द पाहा: दहा मिनिटं. कुणी कुणाला फोन लावला हे रिडायरेक्ट सर्व्हरलाही कळतं, ते मी नाकारत नाही. त्यालाच तर पत्ता विचारलेला असतो. पण विचारून गेलेला माणूस पोचला का, आणि पोचून किती वेळ बसला, हे त्याला कळत नाही. ते कळायला 'बाय'चा निरोप हातातून जावा लागतो. त्यासाठी वाटेत बसून राहावं लागतं. त्यासाठी ती ओळ लागते. आमच्या सर्व्हरवर ती नसती तर माझ्याकडे फक्त हाका मारल्याच्या नोंदी असत्या, आणि चुकून लागलेला फोनही तशीच नोंद ठेवून जातो. त्या माणसाची नोकरी माझ्या एका ओळीने गेली असं म्हणणं नाटकी होईल. त्याच्या साहेबाने काढली. पण साहेबाच्या हातात कागद मी दिला, आणि कागद तयार होता कारण मी ती ओळ कधी पुसली नव्हती.

"अहो, ही एका कंपनीची गोष्ट झाली," कुणी म्हणेल. मग तुमच्या खिशातल्या फोनकडे येऊ. मोबाइल कंपन्यांनी २००२ च्या सुमारास आपल्या पुढच्या पिढीच्या यंत्रणेसाठी सिपच निवडलं. व्होल्टी म्हणतात ती त्याच घराण्यातली. तुम्ही फोर-जीवरून साधा फोन लावता तेव्हा तुमचा फोन सिपमध्येच बोलतो, आणि त्याला भेटणारा कंपनीचा पहिला सर्व्हर आपल्या नावातच 'प्रॉक्सी' हा शब्द मिरवतो. त्याच्यामागे आणखी दोन. त्यांतले काही कॉल संपेपर्यंत मधे राहतात. इंटरनेटवर चालणाऱ्या इतर फोनसेवांच्या वेशीवर 'सेशन बॉर्डर कंट्रोलर' नावाची यंत्रं बसवली गेली. ही प्रॉक्सीच्या पलीकडची जात. ती तुमचा कॉल स्वतःपाशी संपवतात आणि पलीकडे नवा सुरू करतात. 'व्हाया'च्या ओळी पुसल्या जातात, आवाजही त्यांच्यातूनच जातो. रिसीव्हर पुन्हा काकूंच्या स्टुलावर आला.

आणि बिचारा रिडायरेक्ट? तो मेला नाही. तो आज कुठे सापडतो हे पाहिलं की राग येतो. मोठ्या कंपन्यांच्या भिंतीआड तो मजेत नांदतोय. हा नंबर दुसऱ्या कंपनीत गेला आहे का, कोणत्या वाटेने नेला तर स्वस्त पडेल, असे प्रश्न त्यांची यंत्रं आतल्या रिडायरेक्ट सर्व्हरला विचारतात आणि तो ३०२ देऊन मोकळा होतो. म्हणजे वाट सांगून बाजूला होणारा मध्यस्थ कंपनीला स्वतःसाठी हवा असतो. गिऱ्हाइकासाठी मात्र मधे बसणाराच. 'ई-नम'चंही हेच झालं. फोन नंबराचे अंक उलटे मांडून त्यांचा इंटरनेटचा पत्ता करायचा आणि कुणालाही तो उघडपणे शोधता यावा, ही २००० सालची कल्पना. भारताच्या ९१ साठी १.९ पासून सुरू होणारी शाखा त्या झाडावर ठरलेली आहे. सार्वजनिक वही ओस पडली. तीच कल्पना खाजगी वह्यांच्या रूपात कंपन्यांमध्ये वापरली जाते.

याची कारणं मला माझ्या जुन्या सहकाऱ्यांनी अनेकदा ऐकवली आहेत. ती फालतू नाहीत, म्हणून एकेक घेतो.

पहिलं, बिल. मिनिटाला पैसे असतील तर मिनिटं मोजायला कुणीतरी मधे हवंच. कबूल. पण आपल्याकडे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, देशांतर्गत बोलणं फुकट म्हणून विकलं गेलं, आणि बाकीच्यांना मागे यावं लागलं. आज बहुतेकांचं बोलणं महिन्याच्या रिचार्जमध्ये येतं. मीटर गेलं, मीटर बघणारा मात्र बसून आहे. उलट त्याची वही जाड झाली. डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार खात्याने परवान्याच्या अटी बदलल्या, आणि कॉलच्या नोंदी किमान एक वर्षाऐवजी दोन वर्षं ठेवणं आलं. मोजण्याचं मूळ कारण संपलं, मोजणं वाढलं.

दुसरं, घरगुती राउटर. आपल्या घरातल्या उपकरणांना बाहेरून दिसेल असा स्वतःचा पत्ता नसतो, त्यामुळे थेट आवाज पोचत नाही. ही खरी अडचण आहे, मी तिच्यापायी रात्री जागवल्या आहेत. पण तिच्यावरचा तोडगाही कधीच निघालाय. 'आइस' नावाची पद्धत आधी सगळ्या थेट वाटा चाचपून पाहते आणि एकही लागली नाही तरच मधल्या सर्व्हरवरून आवाज नेते. मधला हा शेवटचा उपाय. आमच्या धंद्याने तो पहिला उपाय केला, कारण ते सोपं होतं आणि त्यातून नोंदीही मिळत होत्या.

तिसरं, फसवणूक. कुणीही ३०२ पाठवून तुमचा फोन महागड्या नंबरावर वळवू लागला तर? हा धोका खरा आहे. असे प्रकार झालेत, आणि परक्याचा ३०२ डोळे झाकून मानू नये हे शहाणपणाचंच. पण मधे बसल्याने फसवणूक थांबते हा दावा जरा तपासून पाहा. परदेशातून येणारे आणि भारतीय नंबर दाखवणारे बनावट कॉल अडवण्याची यंत्रणा सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली. पहिल्या चोवीस तासांत सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल बनावट म्हणून ओळखले गेले, असं सरकारनेच जाहीर केलं. हे कॉल इतके दिवस कुणाच्या हातांतून येत होते? मधे बसलेल्यांच्याच. 'डिजिटल अटक' म्हणून म्हाताऱ्या माणसांना घाबरवणाऱ्यांचे आवाजही कुणीतरी जोडून दिलेच ना? अमेरिकेने जून २०२१ अखेर मोठ्या कंपन्यांना वेगळी पद्धत सक्तीची केली: कॉल जिथून निघतो तिथे त्यावर डिजिटल सही व्हावी आणि शेवटच्या टोकाला ती तपासली जावी. तीही रामबाण ठरलेली नाही. पण तिची दिशा बरोबर आहे. भरवसा निरोपाबरोबर प्रवास करतो, वाटेतल्या प्रत्येकाला डोळे मिटून शरण जावं लागत नाही.

चौथं कारण मला सगळ्यात वजनदार वाटतं, आणि ते माझ्या बाजूच्या लोकांना आवडत नाही. मधला माणूस आडोसाही देतो. रिडायरेक्ट तुमचा पत्ता फोन करणाऱ्याच्या हातात ठेवतो. एखाद्या बाईला तिचा पूर्वीचा नवरा छळत असेल, तर तिचा ठावठिकाणा सांगून बाजूला होणारा सर्व्हर तिचा वैरी ठरेल. थेट कॉलमध्ये समोरच्याला तुमचा इंटरनेटवरचा पत्ता दिसू शकतो, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपने २०२३ मध्ये कॉल आपल्या सर्व्हरवरून नेण्याचा पर्याय दिला, आणि तो योग्यच आहे. काकूसुद्धा नको त्या माणसाला "ते कुठे गेलेत माहीत नाही" म्हणून परस्पर वाटेला लावत.

पण इथेच माझा मुद्दा पक्का होतो. व्हॉट्सअ‍ॅपमधली ती गोष्ट पर्याय आहे, चालू-बंद करण्याची कळ आहे. ज्याच्यासाठी आडोसा, त्याच्या हातात कळ. माझ्या धंद्याने उभ्या केलेल्या यंत्रांना अशी कळ नाही. आणि एकदा सगळ्यांना एकाच दारातून जावं लागलं की दार बंद करणंही सोपं होतं. दुबईतल्या आपल्या मराठी कुटुंबांना विचारा. नातवाचं तोंड दाखवायला व्हॉट्सअ‍ॅप कॉल चालत नाही, परवानाधारक अ‍ॅप घ्या असं तिथे वर्षानुवर्षं चाललंय. आपल्याकडेही २००२ साली इंटरनेट टेलिफोनी खुली झाली तेव्हा संगणकावरून अमेरिकेतल्या साध्या फोनवर बोलता येई, पण शेजारच्या गावातल्या साध्या फोनवर बोलायला बंदी होती. तंत्रज्ञानाने घातलेली ती अट नव्हती.

मधल्या माणसाच्या रागाचा इतिहास जुना आहे. स्वयंचलित टेलिफोन एक्स्चेंजचं पेटंट १८९१ साली आल्मन स्ट्रोजर यांना मिळालं. ते अंत्यविधीचा व्यवसाय करत. गावातली टेलिफोन ऑपरेटर आपल्यासाठी आलेले फोन प्रतिस्पर्ध्याकडे जोडते, अशा संशयातून त्यांनी हे यंत्र शोधलं, असं सांगतात. माणूस हटवला की पक्षपात हटेल ही त्यांची समजूत. सव्वाशे वर्षांनी आपण त्याच जागी यंत्र बसवलं, त्याला स्मरणशक्ती दिली आणि त्याला निष्पक्ष म्हणू लागलो.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. एक, माझा कॉल कुणाकुणाच्या हातांतून जातो ते मला दिसू द्या. 'व्हाया'ची ओळ पुसू नका, पडद्यावर आणा. दोन, जोडून झाल्यावर निघून जा. राहायचं असेल तर कारण सांगा, आणि ते कारण माझं असू दे. तीन, ज्या मिनिटांचे पैसे घेत नाही ती मिनिटं लिहून ठेवू नका. सरकारला एखाद्या गुन्हेगाराचा माग हवा असेल तर तो त्या माणसापुरता, त्या आदेशापुरता काढावा. अख्ख्या गावाची वही दोन वर्षं भरत बसण्याची अट बदलावी. आणि सिपच्या फाइली लिहिणाऱ्या पोरापोरींना एवढंच सांगणं आहे की ती ओळ लिहिण्याआधी "ही का लागते?" असं विचारा, आणि "असू दे" हे उत्तर माझ्यासारख्या सिनिअरकडूनही ऐकून घेऊ नका. ती मुलगी बरोबर होती.

१९९१ साली आमच्याकडे फोन आला, तरी वर्षभर लोक जुन्याच नंबरावर फोन करत राहिले. काकू प्रत्येकाला सांगायच्या, "आता त्यांचा स्वतःचा फोन आहे, नंबर लिहून घ्या." मूळ दस्तऐवजाच्या भाषेत हे ३०१. हळूहळू त्यांच्याकडे आमच्यासाठी येणारे फोन बंद झाले. आमच्या घरातल्या बातम्या त्यांना कळेनाशा झाल्या, त्याचं त्यांना थोडं वाईटही वाटत असावं. तरी त्यांनी एकदाही, एकालाही, "राहू द्या, मी बोलावते त्यांना," असं म्हटलं नाही.